पाचवं अक्षर

मंडळी, पाकिटातून जरा पॅन कार्ड काढा. (मोबाइलमधला फोटोही चालेल.) त्यावरचा दहा घरांचा नंबर बघा. आधी पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी पुन्हा एक अक्षर. चौथं अक्षर तुम्ही कंपनी आहात की ट्रस्ट की साधं माणूस ते सांगतं, साध्या माणसाला 'पी'. आणि पाचवं? ते तुमच्या आडनावाचं आद्याक्षर. म्हणजे पॅन मिळालं त्या दिवशी जे आडनाव होतं त्याचं. नंतर आडनाव बदला, कार्डावरचं नाव बदलून घ्या, नंबर मात्र तोच राहतो. पाचवं अक्षर जन्मभर हलत नाही.

आपण पुरुष मंडळी हे वाचून 'बरं मग?' म्हणणार. आपलं आडनाव बदलतंय कशाला! पण माझ्या मामेबहिणीचं पॅन लग्नानंतर काढलेलं. तिचं पाचवं अक्षर सासरचं. दोन वर्षांपूर्वी तिचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला, भांडणतंटा न होता, आणि तिने माहेरचं नाव परत घ्यायचं ठरवलं. वीकांताला फोनवर मी तिला मोठ्या उत्साहाने ही पाचव्या अक्षराची माहिती दिली. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "म्हणजे ता कायमचा चिकाटला म्हण की!"

ताई तारकर्लीजवळ होमस्टे चालवते. माहेरच्या जमिनीत तीन खोल्या, माडाची बाग, सकाळी घावणे-चटणी, दुपारी माशांचं जेवण. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचं, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखंच. बुकिंगचे पैसे येतात क्यूआर कोडवर नाहीतर थेट खात्यात. आणि इथेच नाव आडवं येतं. पाटीवर, फोनवर, पर्यटकांच्या ग्रुपवर ती माहेरच्या नावाने ओळखली जाते. स्कॅन केलं की स्क्रीनवर उमटतं नवऱ्याचं आडनाव. एप्रिल २०२५ पासून तर एनईएफटी-आरटीजीएसलाही पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांनी द्यायची आहे. सोय उत्तम आहे, फसवणूक टळते. पण पुण्यात बसलेल्या माणसाला अनोळखी आडनाव दिसलं की तो आधी थांबतो, मग फोन करतो, "मॅडम, हे दुसऱ्याच कुणाचं नाव येतंय, बरोबर आहे ना?" ताईने मग दर वेळी परक्या माणसाला आपल्या संसाराचा शेवट समजावून सांगायचा. काही जण फोनही करत नाहीत, दुसरीकडे बुकिंग करतात.

तेव्हा 'नावात काय आहे' वगैरे म्हणणाऱ्यांसाठी उत्तर असं की नावात मे महिन्याचं आणि दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग आहे.

आता तुम्ही म्हणाल, कोर्टाचा हुकूमनामा आहे, तो दाखवायचा, नाव बदलून घ्यायचं, संपलं. मलाही तसंच वाटायला हरकत नव्हती, पण सवयीने मूळ नियम उघडून वाचला. रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश आहेत, त्यांच्यामागे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखालचे २००५ चे नियम. त्यात एक छोटीशी स्पष्टीकरणाची ओळ आहे. तिचा मतलब असा: ओळखपत्र दिल्यानंतर माणसाचं नाव बदललं असलं तरी ते ओळखपत्र ग्राह्य धरावं, मात्र सोबत नावबदल दाखवणारं राज्य सरकारचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी हवी.

विवाह प्रमाणपत्र किंवा गॅझेट. झालं. त्या ओळीत घटस्फोटाचा हुकूमनामा नाही.

म्हणजे नाव बदलून सासरी जायचं तर लग्नाचा दाखला पुरतो. तेच नाव सोडून परत यायचं तर कोर्टाने शिक्का मारलेला कागद हातात असूनही गॅझेट लागतं. हे कुणी दुष्टपणाने लिहिलं असेल असं मला वाटत नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बाईचं नाव एकदाच आणि एकाच दिशेने बदलतं एवढंच चित्र असणार. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन लिहिलं, पण उलट फंक्शन लिहायचं राहिलं. पॅनमधल्या नावबदलाच्या सूचनांत तर वर्षानुवर्षं विवाहित बाईच्या बाबतीत चक्क लग्नपत्रिकाही पुरावा म्हणून चालायची! घटस्फोटाची पत्रिका अजून कुणी छापत नाही, नाहीतर तीही जोडली असती :-)

ताईच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. तिने आधी आधारवरचं नाव बदलून घेतलं. आधारला हुकूमनामा चालतो. म्हणजे बँकेत ती जे ओळखपत्र घेऊन गेली त्यावर नवंच (खरं तर जुनंच) नाव होतं. माझ्या वाचनाप्रमाणे वरची ती ओळ अशा वेळी लागूच व्हायला नको, कारण ओळखपत्रावरचं नाव आणि बाईचं आजचं नाव एकच आहे. प्रश्न उरतो एवढाच की खात्यातली बाई आणि समोर उभी असलेली बाई एकच कशावरून? तर पॅन नंबर तोच. आधार नंबर तोच. मोबाइल तोच. अंगठा तोच. पण काउंटरवरच्या माणसाकडे नियम नसतो, नियमावरून कुणीतरी कधीतरी तयार केलेली चेकलिस्ट असते, आणि तीत दोनच खुणेच्या चौकटी. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या बँकेत जाऊन वेगळं काही झालं असतं याची मला खात्री नाही. त्या साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं म्हणे, "मिस्टरांची एखादी संमती वगैरे आणता येईल का?" ताईच्या शब्दांत, "नाव माजा, सही माजी, पैसे माजे, आणि इचारूचा कोणाक? घोवाक!"

हे त्या साहेबांच्या डोक्यातून उगवलेलं नाही. केंद्राच्या राजपत्रात माहेरचं नाव परत लावायची नोंद करायची तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र हवं, अशी अधिसूचना होती आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एका बाईने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. तिचा घटस्फोटाचा दावा चालू होता, म्हणजे हुकूमनामा हातात यायचा होता आणि ना-हरकत मागायची ती ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याच्याकडे!

राज्याचं गॅझेट निघतं मुंबईला चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयातून. अर्ज आता ऑनलाइन करता येतो, कोकणकन्या पकडून जावं लागत नाही, हे चांगलंच झालं. ताईने हे सगळं पावसात केलं. जून-जुलैत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, पर्यटक नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावर कागदपत्रांचा हंगाम तोच. प्रतिज्ञापत्र, फोटो, हुकूमनाम्याची प्रत, फी. मग वाट बघणं. मग गॅझेटची प्रत काढून ती पुन्हा प्रत्येक ठिकाणी: बँक, वीजबिल, अन्न परवाना, विमा, म्युच्युअल फंड.

आता जरा आपल्या मराठी नावांबद्दल, कारण आपला गुंता इतरांपेक्षा एक घर पुढचा आहे. इंग्रजांच्या बायकांचं लग्नात आडनाव बदलतं. आपल्याकडे तीन रकान्यांपैकी दोन हमखास बदलतात, मधलं आणि शेवटचं. आणि ताम्हनातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं की तिन्ही. जन्माला आलेल्या बाईचं एकही अक्षर शिल्लक राहत नाही. आमच्याकडे तर आडनावं म्हणजे निम्मी गावंच: आचऱ्याचे आचरेकर, चिंदरचे चिंदरकर, मसुऱ्याचे मसुरकर. म्हणजे लग्न झालं की बाईचं गाव बदललं हे पासबुकावरही छापून येणार. आणि त्यात पॅनची गंमत अशी की तिथे वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा, विवाहित बाईलाही. (आई एकटीच पालक असेल तर वडिलांचं नाव न देण्याची मुभा २०१८ च्या डिसेंबरात आली.) त्यामुळे ताईच्या जुन्या कार्डावर तिच्या नावाच्या मध्ये नवरा आणि नावाच्या खाली वडील, असे दोन पुरुष आणि एक ती.

कायदा यातलं काही मागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बाईने लग्नानंतर नाव बदलावं असं कुठेही म्हटलेलं नाही, घटस्फोटानंतर परत बदलावं असंही नाही. बदल रूढीने होतो आणि त्याचा हिशेब मात्र कारकुनी मागते.

तरीही कोर्टापर्यंत गोष्टी जातात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली एका प्रकरणात घटस्फोटित बाईला माजी नवऱ्याचं नाव वापरायला मनाई करणारा कौटुंबिक न्यायालयाचा आदेश कायम ठेवला होता. त्या प्रकरणाच्या खोलात मी शिरत नाही. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की नाव ठेवावं तर नवरा कोर्टात जाऊ शकतो आणि सोडावं तर बँक गॅझेट मागते. मधल्या मध्ये मुलांचा प्रश्न वेगळाच. ताईच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि आडनाव. आईचं आडनाव निराळं झालं की प्रवेशाच्या अर्जावर, मुलाच्या खात्यावर पालक म्हणून सही करताना, पुन्हा तीच कथा सांगायची. यामुळेच कितीतरी बायका घटस्फोटानंतरही जुनं आडनाव चालू ठेवतात आणि मला ते पूर्ण पटतं. पंधरा वर्षं ज्या नावाने नोकरी केली, लेख लिहिले, दवाखाना चालवला, ते नाव तिने कमावलेलं आहे. ठेवायचं की टाकायचं ते तिने ठरवावं.

आता आमच्या धंद्याबद्दल थोडं, कारण ताईचा रोख शेवटी माझ्याकडेच वळला: "ह्या सगळा तुमी कंप्युटरवाल्यांनीच करून ठेवलेला आसा." यात तथ्य आहे. २०१० साली पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रॅमरने नावांबद्दलच्या आमच्या गैरसमजांची एक लांबलचक यादी लिहिली होती, ती आमच्यात फार गाजली. माणसाला एकच खरं नाव असतं, ते बदलत नाही, बदललं तरी ठरावीक प्रसंगीच बदलतं, असल्या समजुती त्यात होत्या. सगळ्यांनी वाचली, माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन रकान्यांचा फॉर्म लिहायला बसलो. आज केवायसीच्या सिस्टिम्स काय करतात? पॅनवरचं नाव, आधारवरचं नाव आणि खात्यातलं नाव घेऊन ती किती टक्के जुळतात ते काढतात. ठरावीक टक्क्यांच्या खाली गेलं की केस माणसाकडे. आता ताईचं बघा, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. पहिलं नाव तेवढं जुळलं. टक्केवारी बोंबलली. पुरुषाच्या बाबतीत असं न जुळणं बहुधा स्पेलिंगची चूक असते किंवा लबाडी असते. बाईच्या बाबतीत ते नुसतं आयुष्य असतं. पण सिस्टिमला दोन्ही सारखेच संशयास्पद.

नंबर दिलेत कशासाठी मग? एवढा खर्च करून प्रत्येकाला न बदलणारा नंबर दिला तो याचसाठी ना, की नाव बदललं तरी माणूस सापडावं. आणि मग पॅन-आधार जोडताना आपण पुन्हा नावंच जुळवून बघतो. १ जुलै २०२३ पासून न जोडलेलं पॅन निष्क्रिय होतं, म्हणजे व्याजावर कर जास्त कापला जातो, परतावा अडकतो. एका नावाच्या फरकापायी एवढं. आधारवर नाव बदलायची साधारण मर्यादा आयुष्यात दोनदा. हिशेब करा: एकदा सासरी जाताना, एकदा परत येताना. कोटा संपला. पुढे तिने दुसरं लग्न केलं आणि नाव बदलायचं म्हटलं तर अपवादाचा अर्ज. ज्याने हा आकडा ठरवला त्याने बाईच्या आयुष्याचा हिशेब केला होता की नाही, देव जाणे.

वेगळं करता येतं का? येतं. फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळातला, १७९४ चा कायदा आहे: जन्मनोंदीत जे नाव त्याशिवाय दुसरं नाव नागरिकाने लावायचं नाही. लग्नानंतर बाई नवऱ्याचं आडनाव वापरू शकते, पण ते 'वापरायचं नाव', नोंदीतलं जन्माचंच. घटस्फोट झाला की वापर थांबतो, खाली पाया तसाच. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत घटस्फोटाच्या आदेशातच 'हिला पूर्वीचं नाव परत दिलं आहे' असं वाक्य घालून मिळतं, तोच कागद सगळीकडे चालतो. इतकं लांब कशाला, तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात जा. तिथे पोर्तुगीज काळापासून लग्नाची नागरी नोंद बंधनकारक, आणि घटस्फोट झाला की त्याच नोंदीवर शेरा मारला जातो. एकच वही आणि तिच्यात पूर्ण इतिहास. आमच्यात याला ऑडिट ट्रेल म्हणतात आणि ते फार आधुनिक समजलं जातं.

आपल्याकडेही शहाणपण येतंच नाही असं नाही. पासपोर्टवाल्यांनी २०१६ च्या डिसेंबरात नियम बदलले, तेव्हापासून घटस्फोटित किंवा विभक्त माणसाला जोडीदाराचं नाव द्यावं लागत नाही आणि त्यासाठी हुकूमनामाही जोडावा लागत नाही. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं पाहिजे. त्याच निर्णयात विवाहित बाईची नोंद मात्र पूर्वीप्रमाणेच, तिचं नाव, मग पतीचं नाव, मग आडनाव. मालमत्तेच्या दस्तावर लग्नाआधीचं नाव लावायची मुभा तेवढी दिली. ही मुभा बारीक अक्षरातली असली तरी मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. जमिनीला चालतं तर खात्याला का नको?

माझं म्हणणं साधं आहे. केवायसीच्या त्या ओळीत 'किंवा सक्षम न्यायालयाचा विवाहविच्छेदाचा हुकूमनामा' एवढे शब्द वाढवावेत. आणि तोपर्यंत ज्यांचा परस्पर संमतीचा अर्ज, म्हणजे कलम १३-ब खालचा, अजून दाखल व्हायचा आहे त्यांनी वकिलाला सांगून संमतीच्या अटींतच लिहून घ्यावं की यापुढे पत्नी अमुक नावाने ओळखली जाईल, आणि दोन्ही नावं पूर्ण लिहावीत. गॅझेट त्याने टळेलच असं नाही, पण आधी आणि नंतर ही बाई एकच, हे सांगणारा कोर्टाचा कागद हाताशी राहतो. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती चार-पाच एकदमच काढाव्यात, नंतर ओरोसला खेपा घालण्यात दिवस जातात. क्रम आधार, पॅन, मग बँक, मग बाकीचं. उलटा क्रम लावलात तर प्रत्येक ठिकाणी दोनदा जाल.

आणि ज्यांचं लग्न ठरलंय त्यांना (माझ्या टीममध्येच दोघी आहेत): सासरी हवं त्या नावाने हाक मारून घ्या, पत्रिकेवर, दारावर, फेसबुकवर काय हवं ते लावा. पॅन, खातं आणि पीएफला हात लावू नका. यात नवऱ्यावर अविश्वास वगैरे काही नाही. तो तरी कुठे लावतोय?

हे सगळं झालं ते कागद हातात असणाऱ्यांचं. आमच्या किनाऱ्यावर अशाही बायका आहेत ज्यांचा घटस्फोट झालेलाच नाही. नवरा मुंबईला गेला, तिकडे दुसरा संसार थाटला, ही माहेरी येऊन राहिली, वीस वर्षं झाली. कोर्ट नाही, हुकूमनामा नाही. 'लाडकी बहीण' योजनेत २०२४ मध्ये घटस्फोटित आणि परित्यक्ता दोघींनाही पात्र धरलं, दीड हजार रुपये आधार जोडलेल्या खात्यात येऊ लागले. मग २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सुरू झालं आणि त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि पती-वडील हयात नसलेल्यांनी किंवा घटस्फोटितांनी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असं सांगितलं. वडील वारलेले आणि नवरा कुठे आहे ते माहीत नाही, अशा बाईने काय द्यायचं? ताईच्या शेजारीच अशा एक मावशी राहतात. त्या खात्याच्या नावातला नवरा काढायच्या भानगडीत कधी पडल्याच नाहीत. पासबुकावर तो अजून त्यांच्या नावाच्या बरोबर मधोमध आहे.

ता. क. नावाच्या गडबडीत एक गोष्ट हमखास राहते, नॉमिनी. घटस्फोट झाला म्हणून बँक खात्यावरचं नामनिर्देशन आपोआप रद्द होत नाही. तुम्ही बदलेपर्यंत माजी जोडीदारच नॉमिनी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. पीएफ, विमा आणि म्युच्युअल फंडाचं प्रत्येकाचं वेगळं बघायला लागतं. शिवाय दोघांच्या नावे गृहकर्ज असेल तर हुकूमनाम्यात काहीही लिहिलेलं असलं तरी बँकेच्या लेखी दोघंही कर्जदारच, कारण बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. कर्ज एकाच्या नावावर करून घेणं हे स्वतंत्र काम आहे.